जमेची बाजू

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजोबा नव्या वहीला कुंकू लावीत, आणि पाडव्याच्या रात्री त्याच माजघरात सतरंजी पसरून पत्त्यांचा कॅट काढीत. एरवी घरात पत्ते दिसले तर ते चुलीत जात. परंतु बलिप्रतिपदेचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा आहे, त्या दिवशी शिवपार्वती फासे खेळली आणि शिव हरला, हे शास्त्र त्यांना पाठ होते. वर्षातून तेवढ्या एका रात्रीपुरते ते शास्त्राचे कडवे अभिमानी असत. हिंगोलीच्या मोंढ्यात त्यांची आडत होती. तीन पत्तीला ते चिंचोके लावीत, आणि कोणी चिंचोक्यांऐवजी पैसे काढले की पत्ते गोळा करून उठत. हे सारे आरंभीच सांगतो, कारण प्रस्तुत लेख एका जुगाऱ्याच्या आत्मचरित्राविषयी आहे, आणि असला विषय दिवाळी अंकात कसा शिरला असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटू नये.

पुस्तक माझ्याकडे आणले माझ्या पुतण्याने. मुलगा इंजिनीअर. तीन वर्षांपूर्वी त्याने पुण्यातली नोकरी सोडली आणि तो रात्र रात्र संगणकापुढे बसून पोकर खेळू लागला. भावाने आणि वहिनीने त्याला माझ्या स्वाधीन केले. मी जन्मभर मराठी शिकवले, आणि ज्याला शिकवता येते त्याला समजावताही येते अशी आमच्या घरात एक गोड समजूत आहे. मी तोंड उघडण्यापूर्वीच त्याने पुस्तक पुढे केले. "काका, तुम्ही आधी हे वाचा. मग काय बोलायचं ते बोला." पुस्तकाचे नाव 'द गॉडफादर ऑफ पोकर', प्रकाशन २००९, लेखक डॉइल ब्रन्सन आणि त्याचा साहाय्यक माइक कॉक्रन. टीकाकाराच्या हाती पुस्तक द्यावे म्हणजे तो माणसाविषयी बोलायचे विसरतो, हे त्या मुलाने नेमके ओळखले होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. पोकरचे प्रकार अनेक. ब्रन्सन ज्यात नामांकित झाला त्याला टेक्सास होल्डेम म्हणतात. आपल्या तीन पत्तीत तिन्ही पाने झाकलेली असतात. ह्यात प्रत्येकाला दोनच पाने झाकलेली मिळतात आणि पुढची पाच सर्वांची म्हणून मधोमध उघडी पडतात: आधी तीन, मग एक, मग एक. ह्या सातांतून आपली पाच निवडायची. दर टप्प्याला पैसे लावायचे, नाहीतर पाने टाकून गप्प बसायचे. हाती दोन एक्के यावेत असा योग सरासरी २२१ डावांत एकदा येतो. म्हणजे ज्याला ह्यावर पोट भरायचे आहे त्याला मुख्यतः गप्प बसण्याचाच धंदा करावा लागतो. स्पर्धेचा मूळ नियम असा की, प्रवेशाची रक्कम एकदा भरायची, तिच्या बदल्यात सर्वांना सारख्या चकत्या मिळायच्या, आणि चकत्या संपल्या की खुर्ची सोडायची. सगळ्या चकत्या एकाच्या पुढ्यात गोळा होईपर्यंत खेळ चालतो.

ब्रन्सनचा जन्म १९३३ मध्ये टेक्सासमधल्या लाँगवर्थ ह्या चिमुकल्या गावी झाला. तो उत्तम खेळाडू होता, परंतु पत्त्यांचा नव्हे, बास्केटबॉलचा. एका मोठ्या व्यावसायिक संघाची नजर त्याच्यावर होती. कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुटीत जिप्समच्या कारखान्यात कामाला गेला, तक्त्यांचा ढीग पायावर कोसळला आणि पाय कायमचा अधू झाला. पुढे शिक्षणशास्त्रातली वरची पदवी घेतली. (म्हणजे हा गृहस्थ शाळेचा हेडमास्तर व्हायचा. आमच्या व्यवसायातून निसटलेला माणूस म्हणून माझा त्याच्याकडे थोडा ओढा आहे, हे वाचकाने जमेस धरावे.) कार्यालयीन यंत्रे विकण्याची नोकरी धरली. एके दिवशी त्याला पत्त्यांच्या डावाला बोलावणे आले, आणि महिन्याच्या पगाराहून अधिक रक्कम एका बैठकीत हाती आली. नोकरी संपली.

पुढची काही प्रकरणे ह्या पुस्तकाचे खरे वैभव आहेत. ब्रन्सन, अमॅरिलो स्लिम आणि सेलर रॉबर्ट्स अशा तिघांनी एकच थैली केली आणि वर्षानुवर्षे टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियाना पालथे घातले. आडगावच्या मागच्या खोल्यांतले डाव. जिंकलो तर पैसे घेऊन दारापर्यंत सुखरूप जाता येईल की नाही ही धास्ती. एकीकडे पोलीस, दुसरीकडे दरोडेखोर. आमच्याकडे जत्रेत चक्री लावणारे लोक गावोगाव हिंडतात, त्यांच्या पायांवरची धूळ मला ह्या पानांत दिसली. आणि मग तिघे लास वेगासला गेले तेव्हा वर्षांची सगळी कमाई गमावून बसले. थैली फुटली, मैत्री टिकली. हा भाग लेखक फुगवून सांगत नाही, म्हणून तो मनात राहतो.

१९६२ मध्ये, लग्नाला थोडेच दिवस झाले असताना, त्याला कर्करोग निघाला. डॉक्टरांनी काही महिन्यांची मुदत दिली; निदान बाळाचे तोंड दिसावे एवढ्यासाठी शस्त्रक्रिया केली; आणि माणूस बरा झाला. त्यानंतर एकसष्ट वर्षे जगून १४ मे २०२३ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. मधल्या काळात १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षे तो जागतिक पोकर मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकला. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुर्री ही भिकार जोडी होती, आणि दोन्ही वेळा तिच्यातूनच तीन दश्श्या, दोन दुर्र्या असा बळकट हात उभा राहिला. आज त्या जोडीला त्याचेच नाव आहे. मालिकेतील प्रत्येक स्पर्धेच्या विजेत्याला सोन्याचे कडे देतात. ब्रन्सनकडे अशी दहा कडी होती, त्यांतले शेवटचे २००५ चे. २०१८ साली चौऱ्याऐंशीव्या वर्षी एका स्पर्धेत तो शेवटच्या टेबलापर्यंत पोचला, सहावा आला, आणि आजारी बायकोजवळ बसायचे म्हणून स्पर्धांतून निवृत्त झाला. पाने टाकण्यात इतका शहाणा असलेला हा माणूस टेबलाबाहेर मात्र नोहाची नौका आणि बुडालेले टायटॅनिक शोधण्याच्या मोहिमांत पैसे घालीत होता. हे वाचून मला फार हायसे वाटले.

आता टीकाकार म्हणून माझे म्हणणे. आपल्या वाङ्मयात जुगारी पुष्कळ आहेत, पण तो यायचा तो एका रात्रीपुरता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त घ्या: फाशांनी वेड लावलेला, बायकोने दूर केलेला, सासूने दारात उभा न केलेला माणूस. त्याला शेवटी उपदेश मिळतो तो शेती करण्याचा. (सूक्तकर्त्याने सोयाबीन आणि हळदीचे भाव पाहिले नव्हते. आमच्या भागात जुगार ह्या शब्दाचा पहिला अर्थ पाऊस असा आहे.) शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला संवाहक घ्या. दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो, उलट्या पावलांनी ओसाड देवळात शिरतो आणि मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे माथुर आणि दुसरा जुगारी त्याला ओळखतात, आणि त्याला मारण्याऐवजी तिथेच बसून खेळू लागतात. फाशांचा आवाज कानी पडताच मूर्तीला राहवत नाही. जुगाऱ्याच्या मनावरचे एवढे अचूक भाष्य मी दुसरे वाचलेले नाही. दोस्तोएव्हस्कीची १८६६ ची 'जुगारी' कादंबरी जमेस धरूनही. पण संवाहक पुढे भिक्षू होतो. म्हणजे आमच्याकडे जुगाऱ्याला दोनच वाटा, नाश किंवा संन्यास. ज्याने जुगारालाच नोकरी केले, जो साठ वर्षे ठरल्या वेळी कामाला बसला, म्हातारा झाला, नातवंडांत मेला, असा जुगारी आपल्याला ठाऊक नाही. ब्रन्सनच्या पुस्तकाची पहिली किंमत ही की, तो तसा माणूस दाखवतो. त्याच्या आयुष्यात थरार थोडा आणि सबुरी फार आहे. वाईट पाने टाकून देण्याची, हरलेल्या रात्रीचा सूड त्याच रात्री न घेण्याची सबुरी.

मी 'ठाऊक नाही' म्हणालो, तिथे थोडे अडखळलो. हिंगोलीपासून जवळच औंढा नागनाथ आहे. आमच्याकडची आख्यायिका अशी की, वनवासात असताना धर्मराजाने हे देऊळ स्थापले. लहानपणी आई ही गोष्ट सांगे तेव्हा मला प्रश्न पडे की, राज्य आणि बायको पणाला लावून हरलेल्या माणसाने इथे देवाजवळ काय मागितले असेल? महाभारतात त्याचे उत्तर आहे, फक्त ते देवाने नव्हे, बृहदश्व ऋषींनी दिलेले आहे. वनपर्वात बृहदश्व त्याला नलाची कथा सांगतो. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे एका दृष्टिक्षेपात सांगतो, नल उतरून मोजून पाहतो, हिशेब बरोबर निघतो. थोडक्यावरून सर्वाचा अंदाज बांधण्याची ही विद्या म्हणजेच अक्षहृदय, फाशांचे मर्म. इयन हॅकिंग ह्या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास १९७५ मध्ये लिहिला, त्यात ह्याच झाडाची गोष्ट घेतलेली आहे. ऋतुपर्ण ती विद्या देतो आणि बदल्यात नलाकडून अश्वहृदय घेतो. कथा संपल्यावर युधिष्ठिर बृहदश्वाकडून तेच अक्षहृदय शिकून घेतो. आणि मग अज्ञातवासात विराटाच्या पदरी कंक होऊन राहतो तो कोण म्हणून? फासे खेळणारा म्हणून! जिंकलेले द्रव्य तो राजाच्या नकळत भावांना वाटून देतो, असेही विराटपर्वात आहे. सभापर्वातला युधिष्ठिर हौशी जुगारी होता. विराटपर्वातला धंदेवाईक आहे. आपण सभापर्व पाठ केले आणि विराटपर्वावरून घाईघाईने पुढे गेलो.

असे म्हणून मी पुतण्याचे निम्मे म्हणणे मान्य केले, हे माझ्या ध्यानात आहे. विद्या आहे, ती शिकता येते. सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ साली आंध्रातल्या एका खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ दैवाच्या रांगेत बसवले. आजोबांची द्यूतप्रतिपदा तिथेच निकालात निघाली.

परंतु पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट खटकत राहिली. १९७६ च्या मुख्य स्पर्धेत ब्रन्सनला २,२०,००० डॉलर मिळाले. ही रक्कम कुठून आली? खेळाडू बावीस, प्रत्येकाने १०,००० भरले, सगळे एकाने नेले. पुढच्या वर्षी चौतीस खेळाडू, ३,४०,००० डॉलर. बेरीज एका पैशाने इकडेतिकडे होत नाही. म्हणजे त्या दोन विजयांच्या प्रकरणांत एकवीस आणि तेहतीस माणसे दहा दहा हजार गमावून उठलेली आहेत. ती कुठे गेली? त्यांनी घरी काय सांगितले? पुस्तकात हरणारा येतो तो बहुधा विक्षिप्त, मजेदार वल्ली म्हणून येतो. त्याची गंमत सांगून होते, आणि तो दाराबाहेर पडला की लेखकाचे त्याच्यावरचे लक्ष उडते. ह्या खेळाडूंच्या कमाईच्या याद्या प्रसिद्ध होतात. ब्रन्सनच्या नावावर साठ लाखांहून अधिक डॉलर आहेत. ह्या याद्यांत बक्षिसाची रक्कम तेवढी धरतात, प्रवेशासाठी भरलेली रक्कम वजा करीत नाहीत. आजोबांच्या वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असे. उजवे पान कोरे असलेली वही घेऊन कोणी आला असता तर त्यांनी त्याला मोंढ्यात उभे केले नसते. हे आत्मचरित्र मला त्या यादीसारखे वाटते. त्यातले काही खोटे नाही. पण त्याचे उजवे पान लिहायचे राहून गेले आहे.

त्या उजव्या पानावरचे एक नाव सर्वांना ठाऊक आहे. स्टू अंगर हा ब्रन्सनहून वीस वर्षांनी लहान, आणि पत्त्यांची बुद्धी म्हणाल तर बहुधा त्याच्याहून तीव्र. १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा तीच मुख्य स्पर्धा त्याने जिंकली, आणि शेवटच्या विजयानंतर दीड वर्षाने, नोव्हेंबर १९९८ मध्ये, लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलात पंचेचाळीसाव्या वर्षी तो मेलेला सापडला. अंगर १९८१ मध्ये जिंकला त्या स्पर्धेवर ए. आल्व्हारेझ ह्या इंग्रज कवितासमीक्षकाने पुस्तक लिहिले, 'द बिगेस्ट गेम इन टाउन' (१९८३). आल्व्हारेझ बाहेरचा माणूस. चकत्या हाती आल्या की माणूस पैशाला पैसा म्हणायचे विसरतो आणि तसे विसरल्याशिवाय त्याला खेळताच येत नाही, हे तो ज्या थंडपणे टिपतो तो थंडपणा ब्रन्सनला परवडणारा नव्हता. आत्मचरित्रकाराची ही अडचण मी समजू शकतो, पण ती माफ करावी असे मला वाटत नाही. आजोबांच्या चिंचोक्यांचा अर्थ मला हे पुस्तक वाचताना लागला.

ब्रन्सनची बायको लुईझ. व्यवसायाने औषधशास्त्रज्ञ, वृत्तीने धार्मिक, पत्त्यांशी संबंध नसलेली. तिच्याविषयी तो आदराने लिहितो, तिच्या प्रार्थनेने आपण वाचलो असे मानतो. त्यांची मुलगी डॉइला १९८२ साली अठराव्या वर्षी गेली; तिथे त्याचे गद्य पहिल्यांदा हतबल होते आणि म्हणूनच चांगले होते. परंतु लुईझ प्रश्न विचारीत नाही. महाभारतात द्रौपदी प्रश्न विचारते, आणि सगळी सभा त्या एका प्रश्नापुढे गप्प होते. विराटाच्या दरबारी राजा रागाने फासा फेकून कंकाच्या तोंडावर मारतो, रक्त येते, तेव्हा ते झेलायला पात्र घेऊन सैरंध्रीच पुढे येते. धंदेवाईक जुगाऱ्याच्या अखेरच्या डावाला व्यासांनी तिला साक्षीला ठेवले आहे. आणि नलाचे पाहा. तो पुष्कराला एका फाशात हरवतो, राज्य परत घेतो, आणि मग हरलेल्या भावाला अभय देऊन, त्याचा वाटा देऊन सन्मानाने परत पाठवतो. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याकडे मान वळवून पाहणे हा त्या कथेचा कळस आहे. ब्रन्सनच्या पुस्तकात तेवढी एक मान वळायची राहिली.

गंमत अशी की, त्याचे दुसरे, आधीचे पुस्तक मला वाङ्मय म्हणूनही अधिक प्रामाणिक वाटते. 'सुपर/सिस्टम' हे १९७८ चे पाठ्यपुस्तक, किंमत त्या काळी शंभर डॉलर. त्यात तो आणि त्याचे सहकारी आपापली विद्या उघडी करून ठेवतात: छोट्या छोट्या रकमा सतत हल्ला करून कशा उचलाव्यात, समोरच्याला निर्णयाच्या पेचात कसे टाकावे. हे पुस्तक लिहून आपले नुकसानच झाले, प्रतिस्पर्धी आपल्याला वाचू लागले, असे तो पुढे म्हणत असे. ऋतुपर्णाने निदान मोबदल्यात घोड्यांची विद्या घेतली होती. इथे हरणारा माणूस प्रत्येक पानावर समोर बसलेला आहे. त्याच्या भीतीचा, हावेचा, थकव्याचा विचार केल्याशिवाय लेखकाला एक वाक्य पुढे जाता येत नाही. शत्रू म्हणून का होईना, त्याने त्याला पाहिले आहे.

हे सगळे मी पुतण्याला सांगायचे ठरवले, त्याआधीच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला: पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी, मग तो खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा. १९६७ पासून जपलेला भेद एका कलमाने बाजूला पडला. कौटिल्य असता तर त्याला नवल वाटले असते. त्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेतले होते. पुतण्या बॅग घेऊन हिंगोलीला आला. भावाला आनंद झाला, वहिनीने पुरणपोळी केली, आणि मुलगा दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे माझे टिपण वाचले. 'उजवे पान' ह्या शब्दांशी त्याने मला थांबवले आणि संगणक उघडला. तीन वर्षांचा हिशेब होता. रोज किती तास, किती जमा, किती भरले, चालवणाऱ्याने नाल किती कापली. आजोबांनी पाठ थोपटली असती अशी ती वही. शेवटी हाती उरलेली रक्कम होती, पण ती नोकरीतल्या पगाराहून पुष्कळ कमी होती. हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते.

"मग ह्यात समोरच्यांची नावं कुठं आहेत?" मी विचारले.

"काका, तिथं कुणाचंच नाव नसतं. टोपणनावं असतात. वाघ, सुलतान, लकी असलं काहीतरी. समोर कोण बसलंय ते शेवटपर्यंत कळत नाही." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "एक जण होता. रोज रात्री दोननंतर यायचा. रोज हरायचा. मी त्याची वाट बघायचो."

मी टिपण मिटले. ब्रन्सनचे पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. त्याने परत मागितलेले नाही. पाडव्याला सतरंजी पसरणार आहोत, आणि चिंचोके ह्या वर्षी त्यानेच निवडून ठेवले आहेत.